काचेच्या घरांतील शेजार

शेजारी निवडून घेण्याचें भाग्य मनुष्याच्या वांट्यास क्वचितच येतें. घर विकत घेतां येतें, भिंतींना आवडीचा रंग देतां येतो. परंतु भिंतीपलीकडे कोण राहावयास येणार, हें आपल्या हातीं नसतें. तरीहि माणसाला थोडी मोकळीक असते. शेजार नकोसा झाला तर तो दार लावून घेतो, वेळप्रसंगीं बिऱ्हाड हलवितो. काचेच्या पेटींत राहणाऱ्या माशाला यांपैकीं कांहींच साधत नाहीं. त्याचा शेजारी कोण असावा हें ठरविणारा एकच, व तो म्हणजे बाजारांतून मासे आणणारा मनुष्य. गेल्या वर्षीं आमच्या घरीं २ फूट लांब, १ फूट रुंद व १ फूट उंच अशी काचपेटी आली, आणि ही निवड करण्याचें काम घरच्या मंडळींनीं माझ्याकडे सोपविलें. तें करतांना जें वाचलें, पाहिलें व मनांत आलें, तें वाचकांपुढें मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

मोठा मासा लहान माशास गिळतो, या साध्या निरीक्षणावरून आपल्या पूर्वजांनीं 'मत्स्यन्याय' हा शब्द घडविला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तो आढळतो. जेथें दंड धारण करणारा कोणी नाहीं तेथें बलवान् दुर्बलास गिळतो, असा त्याचा आशय. आमच्या पेटीपुरता राजा मीच होतों, पण मोठ्या अडचणींतला राजा! माशांना दंड करतां येत नाहीं, उपदेशहि करतां येत नाहीं. एकदां ते पाण्यांत सोडले कीं राजाची सत्ता बहुतेक संपली. जें शहाणपण दाखवावयाचें, तें सारें त्यापूर्वींच.

काचेच्या पेटींत अनेक जीवांनीं एकत्र नांदावें, ही कल्पना फार जुनी नव्हे. चीनमध्यें सोनेरी मासे सुमारें हजार वर्षांपासून पाळले जात आहेत, पण आरंभीं ते तळ्यांत व कुंडांत. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं आपल्या एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यानें काचपात्रांत दोन लहान सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पती ठेविली. कांहीं दिवसांनीं वनस्पतीचीं जुनीं पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें, तेव्हां त्यानें त्यांत गोगलगायी सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाल्लीं व पाणी पुन्हां निवळलें. पुढें तीनच वर्षांनीं, १८५३ सालीं, लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें. आपल्याकडे मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाचें नांव वडील मंडळींच्या आठवणींत असेलच. वॉरिंग्टनच्या त्या लहानशा पात्रांत कोणीहि केवळ शोभेसाठीं नव्हता. प्रत्येकाचा दुसऱ्यास कांहीं उपयोग होता, हें मला विशेष वाटतें.

आमची पेटी आली त्या दिवशींच धाकट्या बहिणीला मासे हवे होते. तिला ५ आठवडे थांबावें लागलें, आणि तें थांबणें कोणालाच सोपें गेलें नाहीं. नुसत्या पाण्याची पेटी पाहून शेजारचीं मुलें हंसून जात. परंतु या थांबण्याला कारण होतें. माशांच्या मलमूत्रांतून व उरलेल्या खाद्यांतून अमोनिया उत्पन्न होतो, व तो माशांस विष आहे. पेटींतील वाळूवर व गाळणीच्या स्पंजावर सूक्ष्म जंतु हळूहळू वस्ती करतात. त्यांतील कांहीं अमोनियाचें नायट्राइट करतात, व कांहीं नायट्राइटचें नायट्रेट. नायट्राइटहि विषारीच, नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणांत फारसें अपाय करीत नाहीं, व दर आठवड्यास थोडें पाणी बदललें कीं तें आटोक्यांत राहतें. ही वस्ती वाढण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून मी रोज मासे नसलेल्या पाण्यांत चिमूटभर खाद्य टाकीत होतों, आणि बहीण मला वेड्यांत काढीत होती! माशांचे पहिले शेजारी डोळ्यांस दिसत नाहींत, आणि ते आधीं राहावयास आल्यावांचून माशांचा निभाव लागत नाहीं.

त्यानंतरचा प्रश्न पाण्याचा. गप्पी मासा आपल्या सर्वांच्या परिचयाचा. तो डासांच्या अळ्या खातो म्हणून विहिरींत व हौदांत त्यास सोडतात. मूळचा तो त्रिनिदाद बेटाचा व दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागाचा. रॉबर्ट गप्पी नामक गृहस्थांनीं त्रिनिदादहून त्याचे नमुने लंडनला पाठविले, व १८६६ सालीं त्यांचें नांव त्यास मिळालें. या माशास क्षार असलेलें, दुष्फेन पाणी मानवतें. उलट १९३६ सालीं शास्त्रज्ञांना परिचित झालेला नीऑन टेट्रा हा ॲमेझॉन नदीच्या वरच्या खोऱ्यांतील मऊ व किंचित् आम्ल पाण्यांतला. दोघेहि देखणे, दोघेहि गरीब स्वभावाचे, दोघांचीं तोंडें लहान. तथापि एकास जें पाणी सुखाचें, तें दुसऱ्यास तितकें सुखाचें नाहीं. आमच्या नळाचें पाणी तलावाचें असून त्यांत साबणास भराभर फेस येतो, म्हणून मीं नीऑन पसंत केले. ज्यांच्या घरीं विहिरीचें अथवा कूपनलिकेचें दुष्फेन पाणी आहे, त्यांनीं गप्पी, मोली व प्लॅटी यांची संगत जमवावी. पाण्याशीं भांडून मासे पाळूं नयेत. पाणी कोणतेंहि असो, नळाचें असल्यास त्यांतील क्लोरिन घालविल्यावांचून तें पेटींत ओतूं नये.

आकाराविषयीं जुन्या पुस्तकांत एक ठोकताळा दिलेला असतो: दर गॅलन पाण्यास १ इंच लांबीचा मासा. लहान माशांपुरता तो ठीक आहे. परंतु १० गॅलन पाण्यांत १ इंची १० मासे व १० इंची १ मासा या दोन गोष्टी समान मानल्या तर गणिताच्या मास्तरांना राग येईल. लांबी दसपट झाली कीं रुंदी व जाडीहि दसपट होते, व वजन हजारपट भरतें. म्हणजे तो एक मासा त्या दहा माशांच्या मिळून शंभरपट वजनाचा. दुकानांत बोटाएवढा दिसणारा सोनेरी मासा फुटाजवळ वाढूं शकतो. तेव्हां मासा आज केवढा आहे हें न पाहतां तो पुढें केवढा होईल हें विचारावें. आणि कोणाचें तोंड केवढें उघडतें, हेंहि पाहावें. तोंडांत मावेल तें खाद्य, हा माशांच्या राज्यांतला सामान्य कायदा आहे.

स्वभाव हा सर्वांत अवघड विषय. सयाम देशचा लढाऊ मासा, ज्यास बेट्टा म्हणतात, त्याचे दोन नर एकत्र ठेविले तर ते एकमेकांस फाडून टाकतात. सुमात्रा-बोर्निओकडील टायगर बार्ब हा खोडकर; लांब व संथ पर दिसले कीं त्यांचे लचके तोडतो. गंमत अशी कीं, तो दोघा-तिघांत असतां अधिक उपद्रवी, व आठ-दहांच्या टोळींत असतां आपसांतील कुरबुरींत गुंतून इतरांस कमी छळणारा! नीऑनची गोष्ट निराळी. तो एकटा ठेविला तर रंग उडून कोपऱ्यांत बसतो. निदान सहा-आठ सोबती असले तरच निर्धास्त फिरतो. शिवाय पाण्याचे मजले असतात. कोणी पृष्ठभागीं, कोणी मध्यावर, कोणी तळाशीं राहतो. प्रत्येक मजल्यावर बिऱ्हाड निराळें असलें म्हणजे वाट अडत नाहीं. या विचारानें आम्हीं प्रथम १० नीऑन आणले व तळाचा मजला पुढच्या महिन्यासाठीं राखून ठेविला.

अशांत भाऊबीज आली. मामा आले ते हातांत पाण्यानें फुगलेली पिशवी घेऊन. तींत चार एंजल मासे होते. रुपयाएवढे, चंदेरी, अंगावर काळे पट्टे व फुलपांखरासारखे पर. बहीण आनंदानें नाचूं लागली. "दुकानदार म्हणाला, सगळे एकत्र राहतात," मामा म्हणाले. दुकानदाराचें बोलणें त्या दिवसापुरतें खोटें नव्हतें. परंतु एंजल सहा इंचांपर्यंत वाढतो, परांसह त्याची उंची त्याहून अधिक भरते, आणि नीऑनसारखे सडपातळ मासे हें त्याचें स्वाभाविक भक्ष्य आहे. आईनें मला डोळ्यांनीं खुणावलें. भावानें प्रेमानें आणलेली वस्तु, तीहि भाऊबीजेची, परत कशी करावी? मलाहि बोलावयास जड गेलें. शेवटीं आजोबा म्हणाले, "अरे, मनांत आहे तें बोल. मामा परका नाहीं."

मीं म्हटलें, "मामा, मासे फार सुंदर आहेत. पण सहा महिन्यांनीं हे आमच्या नीऑनना खातील. आणि न खाल्ले तरी या पेटींत यांना मोठें होतां येणार नाहीं. त्यांत यांचा दोष नाहीं. हें घरच यांचें नव्हे."

मामा कांहीं वेळ बोलले नाहींत. मग पेटीजवळ जाऊन नीऑनकडे पाहत राहिले. "मला हें कोणी सांगितलें नव्हतें," ते म्हणाले. "उद्यां सकाळीं तूं बरोबर चल. या मुलीला दुसरें कांहीं घेऊं." ती रात्र एंजलनीं हवेची नळी सोडलेल्या स्वच्छ बादलींत काढली, आणि बहिणीनें रडून. सकाळीं दुकानदारानें ते परत घेतले व सहा कोरीडोरस दिले. हे मिशाळ मासे तळाच्या मऊ वाळूंत नाक खुपसून खाद्य शोधीत हिंडतात. कोणाच्या वाटेस जात नाहींत. मधूनच ते डोळा मिचकावितात, निदान तसें भासतें. बहिणीनें तें प्रथम पाहिलें तेव्हां तिनें मामांना हांक मारून बोलाविलें, आणि दोघेहि बराच वेळ काचेला नाक लावून बसले.

येथें आणखी एका शेजारधर्माचा उल्लेख केला पाहिजे. केरळ-कर्नाटकांतील पश्चिम घाटाच्या नद्यांत लाल-काळ्या पट्ट्यांचा एक मासा आहे. व्यापारी त्यास 'मिस केरळ' म्हणतात. १८६५ सालीं फ्रान्सिस डे यांनीं त्याचें वर्णन केलें, व २०१३ सालीं त्याच्या प्रजातीस 'सह्याद्रिया' हें आपल्या डोंगराचें नांव मिळालें. शौकिनांच्या पेट्यांसाठीं नदींतून तो इतका पकडला गेला कीं आज त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. उलट, काच साफ करतो म्हणून विकला जाणारा अमेरिकेचा 'सकर' मासा दीड फुटापर्यंत वाढतो, पेटींत मावेनासा होतो, आणि लोक दयाबुद्धीनें त्यास तळ्यांत सोडतात. आपल्या देशांतील अनेक जलाशयांत तो आतां पसरला असून तेथील माशांस व कोळ्यांच्या जाळ्यांस उपद्रव देत आहे. पेटींतला मासा नदींत सोडणें ही त्याची सुटका नव्हे. तो नदींतल्या माशांवर लादलेला शेजार आहे. नको झालेला मासा दुकानांत अथवा मोठी पेटी असलेल्या स्नेह्याकडे द्यावा.

ज्या विद्यार्थिमित्रांच्या घरीं अशी पेटी येणार असेल, त्यांनीं दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं चार प्रश्न कागदावर लिहून न्यावे: हा मासा केवढा होईल, याला पाणी कसें लागतें, हा किती सोबत्यांत राहतो, आणि हा काय खातो? उत्तर न मिळाल्यास त्या दिवशीं रिकाम्या हातानें परत यावें. पालकांनींहि मुलाचा हिरमोड होतो म्हणून घाई करूं नये. आमच्या घरीं आतां संध्याकाळीं दिवा लागला कीं दहा निळ्या रेघा पाण्यांतून एकत्र वळतात व खालीं सहा मिशाळ मंडळी वाळू उपसीत असतात. पुढच्या भाऊबीजेस काय आणावें, हें मामांनीं पत्रानें आधींच विचारलें आहे.