बोळकांडीतले रान

आपल्याकडे 'हॉल' म्हणजे बसायची खोली. पाहुणा आला की हॉलमध्ये बसवायचा, दिवाळी आली की निदान हॉलला तरी रंग द्यायचा, आणि मुलगी पाहायला मंडळी आली की बाकीचे घर दडवून हॉल तेवढा दाखवायचा! अमेरिकेत हाच शब्द वेगळ्या अर्थाने नांदतो. पुढच्या दारातून आत शिरल्यावर जी अरुंद वाट लागते, जिच्या दोन्ही अंगांना खोल्यांची दारे असतात, आणि जिथे कोणी बसत नाही, जेवत नाही, झोपत नाही, तो तिथला हॉल. म्हणजे आपली बोळकांडी.

माझी भाची न्यू जर्सीत एका सजावटकार बाईंच्या कचेरीत काम करते. गेल्या वर्षी मी तिच्याकडे मार्चपासून जूनपर्यंत होते, आणि तेवढे चार महिने तिच्या डोक्यात ही अशी एक बोळकांडी होती. घर तिचे नव्हे, तिच्या मालकीणबाईंचेही नव्हे. ते होते 'शोहाऊस'. हा काय प्रकार आहे ते आधी सांगायला हवे.

एखादे मोठे, जुने, बहुधा विकायला काढलेले घर घ्यायचे. मालकाने ते काही महिने मोकळे करून द्यायचे. मग गावातल्या नामांकित सजावटकारांना एकेक खोली वाटून द्यायची. रंग, पडदे, सामान, कारागीर, सगळा खर्च ज्याचा त्याने करायचा किंवा व्यापाऱ्यांकडून उसना मिळवायचा. घर सजले की महिनाभर तिकीट लावून लोकांना दाखवायचे आणि जमलेला पैसा धर्मादायात द्यायचा. कॅलिफोर्नियात पासाडेना इथे संगीताच्या मदतीसाठी असे घर पहिल्यांदा १९६५ साली उघडले. न्यू यॉर्कचे किप्स बे शोहाऊस १९७३ सालचे, आणि आज सर्वांत गाजलेले तेच. तिथे मॅनहॅटनमधल्या कोट्यधीशांच्या घरात जमलेला पैसा पलीकडे ब्राँक्समधल्या मुलांच्या क्लबाकडे जातो. क्लब १९१५ सालचा. शाळा सुटल्यावर मुलांना अभ्यास, खेळ, नाच, पोहणे शिकवणारा. जेनिफर लोपेझ ही प्रसिद्ध गायिका लहानपणी तिथलीच.

भाचीचे घर एवढे बडे नव्हते, पण उद्देश त्याच जातीचा: गावातल्या गरीब मुलांच्या संध्याकाळच्या वर्गांना मदत.

"इतका खर्च करण्यापेक्षा तो पैसा सरळ त्या मुलांनाच का देत नाही गं?" मी विचारले. निवृत्त शिक्षिकेला दुसरे काय सुचणार?

"मावशी, नुसते चाळीस डॉलर मागितले तर दार लावून घेतील. दुसऱ्याचे घर आतून बघायला मिळते म्हटल्यावर रांग लावतात."

यावर मी गप्प बसले. गणपतीच्या आराशी पाहत वाढलेल्या माणसाने यात नवल करू नये हेच खरे. दहा दिवसांसाठी महाल उभारायचा, अकराव्या दिवशी बांबू सोडायचे, आणि मधल्या गर्दीच्या वर्गणीतून कुठे एखादी रुग्णवाहिका उभी करायची, हे आपल्यालाही ठाऊक आहेच की!

खोल्यांच्या वाटणीत मात्र भाचीच्या कचेरीवर अन्याय झाला होता. कोणाला दिवाणखाना, कोणाला जेवणघर, एकाला तर बागेकडे उघडणारी शेजघराची खोली. हिच्या वाट्याला अठ्ठावीस फूट लांब, सहा फूट रुंद बोळ. पाच दारे, वर जाणारा एक जिना, खिडकी एकही नाही. पुढच्या दारावरच्या काचेतून थोडा उजेड, मागे बागेच्या काचेच्या दारातून थोडा. मधली जागा म्हणजे भर दुपारी तिन्हीसांज. शिवाय अट अशी की वाट अडेल असे काही ठेवायचे नाही, कारण रोज शेकडो माणसे तिथूनच जाणार. 'निसर्ग' हा विषय समितीनेच ठरवून दिला होता. आता जिथे ऊन पोचत नाही तिथे कुंडीतले झाड तरी कसे तगावे?

मालकीणबाईंनी प्रश्न चुटकीसरशी सोडवला: केळीची पाने! तसे छापलेला कागद दोन्ही भिंतींना, वर सोनेरी पोपट, आणि सगळ्या चौकटी पांढऱ्याशुभ्र. मला हसू आवरेना. पण भाचीने सांगितले, बेव्हर्ली हिल्समधल्या जगप्रसिद्ध हॉटेलच्या बोळांना असाच कागद आहे, तो नमुना १९४२ सालचा, आणि सिनेनट त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढून घेतात. आपण ज्यावर वरणभात वाढतो ते पान तिथे भिंतीवर चढून एवढे मोठे झाले!

भिंतीवर रान उगवण्याची हौस मात्र त्याहून पुष्कळ जुनी. फ्रान्समध्ये रिक्सहाइम गावी झुबेर नावाचा कारखाना आहे. लाकडी ठशांनी तो भिंतीचे कागद छापतो. एका रंगाचा ठसा उठवायचा, तो वाळू द्यायचा, मग दुसरा. १८०७ साली त्याने 'हिंदुस्थान' नावाचा देखावा काढला: वीस पट्टे, पंच्याऐंशी रंग, आणि ठसे किती, तर १२६५! थॉमस आणि विल्यम डॅनियल हे इंग्रज चित्रकार १७८६ ते १७९३ आपल्या देशात हिंडले होते. ते काका-पुतणे होते, पण पुण्याचे नव्हेत, म्हणून सात वर्षे जोडीने हिंडू शकले. त्यांच्या चित्रांवरून झुबेरच्या माणसांनी हत्ती, घाट, देवळे, वटवृक्ष रचले आणि युरोपातल्या श्रीमंतांच्या भिंतींवर आपला देश चिकटवला. त्याच कारखान्याचा १८३४ सालचा अमेरिकेचा देखावा पुढे व्हाइट हाऊसमध्ये पोचला. मेरीलँडमधले एक जुने घर पाडणार होते, त्याच्या भिंतीवरून तो सोलून काढला, आणि जॅकलिन केनेडी यांनी १९६१ साली राजदूतांच्या स्वागताच्या खोलीत लावून घेतला. परदेशी वकील आत शिरतात ते नायगाऱ्याच्या बाजूने, असे म्हणायला हरकत नाही.

हे सारे भाचीने मला पुस्तकातून दाखवले, आणि शेवटी म्हणाली, "पण मावशी, कोणत्या तरी दुसऱ्याच देशाचे रान का? इथले रान घराच्या मागेच आहे."

एवढ्यात चौकटींचे प्रकरण निघाले. त्या पांढऱ्या करायच्या तर जुना रंग आधी उतरवायला हवा. अमेरिकेत घराच्या रंगात शिसे घालायला १९७८ साली बंदी आली. त्यापूर्वीच्या घरात पॉलिशपेपर घासला की विषारी धूळ उडते. म्हणून वर औषधी लगदा थापायचा, प्लॅस्टिकने झाकायचा, दुसऱ्या दिवशी रंगाची साय खरवडून घ्यायची. हे काम करायला एक वयस्क पोर्तुगीज सुतार होता. सहा की सात थर निघाले: पांढरा, मोरपंखी, मळकट गुलाबी, पुन्हा पांढरा. खाली उघडे लाकूड दिसले तेव्हा त्याने हातातले पाते खाली ठेवले आणि भाचीला हाक मारली.

सगळे त्या लाकडाला ओक समजत होते. म्हाताऱ्याने ओल्या फडक्याने ते पुसले आणि दाखवले: ओकच्या फळीत आडव्या चकचकीत रेघा दिसतात, इथे त्या नाहीत. बाकी रेषा तशाच ठसठशीत, रंग मधासारखा. "हे चेस्टनट," तो म्हणाला. "उत्तर पोर्तुगालात आमच्या गावी सगळी घरे याचीच." मग थोडे थांबून, "तुमचे मात्र संपले."

ती हकीकत मला ठाऊक नव्हती. आपल्याकडे साग तसे पूर्व अमेरिकेत चेस्टनट. मेनपासून खाली जॉर्जियापर्यंतच्या डोंगरांत ही झाडे होती. लाकूड सरळ, हलके, न कुजणारे. म्हणून रेल्वेचे स्लीपर त्याचे, तारांचे खांब त्याचे, कुंपणे, पाळणे आणि शवपेट्याही त्याच्याच. फळे माणसांनी भाजून खाल्ली, डुकरांनी आणि अस्वलांनी कच्ची. १९०४ साली न्यू यॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातली झाडे वाळू लागल्याचे तिथल्या वनाधिकाऱ्याच्या ध्यानात आले. आशियातून आणलेल्या रोपांबरोबर एक बुरशी आली होती. आशियातल्या झाडांना तिची सवय होती, इथल्यांना नव्हती. पन्नासेक वर्षांत तीनशे ते चारशे कोटी झाडे गेली असा अंदाज आहे. ते प्राणिसंग्रहालय ब्राँक्समध्येच आहे.

भाचीने त्या रात्री जेवताना एक शब्द काढला नाही. रविवारी मात्र मला गाडीत घालून वॉचंगच्या टेकड्यांत घेऊन गेली.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. सह्याद्रीतले रान पाहिलेल्याला ते रान प्रथम फार उघडेबोडके वाटते. राखी खोडे, पायाखाली पाचोळा, वर आभाळच आभाळ. ओढ्याकाठी तेवढी 'स्कंक कॅबेज'ची जांभळट बोंडे वर आली होती. ही वनस्पती स्वतःच ऊब निर्माण करते आणि बर्फ वितळवून डोके काढते. बीचच्या झाडांना मागच्या वर्षीची पाने अजून लटकत होती, कागदासारखी पातळ, फिक्या तांबूस रंगाची. वारा आला की सगळे रान कुजबुजल्यासारखे होई. त्या बीचलाही आता रोग लागला आहे. २०१२ साली ओहायोत प्रथम दिसला, २०२० साली न्यू जर्सीत पोचला. एक सूक्ष्म कृमी कळीतच पान बिघडवतो. एकेका झाडाचे नाव सांगायचे आणि लगेच त्याचे दुखणे सांगायचे, असे चालले होते. आमच्या वाड्यातल्या बायका सगेसोयऱ्यांची चौकशी करीत त्याची मला आठवण झाली.

मग वाटेपासून थोडे वर ती थांबली. एक मनगटाएवढे वाळलेले खोड, सालीवर नारिंगी पुटकुळ्या. त्याच्या बुंध्यातून चार-पाच कोवळे सरळ फोक. खाली पाचोळ्यात एक लांबट पान सापडले, कडेला करवतीसारखे दाते असलेले. चेस्टनट! बुरशी खोड मारते, पण मूळ जमिनीखाली जगते. मूळ फोक टाकते, फोक दहा-पंधरा वर्षे वाढतो, साल फुटू लागली की बुरशी पुन्हा गाठते. मग मूळ पुन्हा फोक टाकते. शंभर वर्षे असे चालले आहे.

ते पान भाचीने वहीत ठेवले. केळीची पाने त्याच क्षणी बाद झाली, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळले. मालकीणबाईंना कळायला आणखी आठवडा लागला आणि बरीच वादावादीही झाली. "लोक करमणुकीला येतात, सुतकाला नाही," असे त्या म्हणाल्या म्हणे. वाक्य चुकीचे नव्हते. शेवटी तोड निघाली: पोपट नाहीत, सोने नाही, चौकटी उघड्या, पण बोळ उदास दिसता कामा नये.

आणि ती उदास झाली नाही. कॅनव्हासच्या लांब पट्ट्यांवर एका चित्रकर्तीने महिनाभर खपून रान रंगवले. भिंतीवर रंगवले असते तर महिन्याने पुसून टाकावे लागले असते, कॅनव्हास सोलून नेता येतो. दारापाशी रानाची कड, डॉगवूडची पांढरी फुले, मोकळा उजेड. मध्यावर, जिथे मुळातच अंधार, तिथे तो झाकायचा खटाटोप न करता गर्द सावलीच रंगवली, आणि झुंबराऐवजी गुडघ्याच्या उंचीवर लहान पिवळे दिवे लावले. त्या सावलीत चेस्टनटची जुनी खोडे, दोघांच्या कवेत न मावणारी. पुढे पुन्हा खोडे विरळ होत जातात आणि बागेचे खरे दार येते. खाली साधी काथ्याची पट्टी. तिच्यावर पावले वाजत नाहीत. त्या उघड्या चौकटी चित्रातल्या खोडांच्या रांगेत अशा काही उभ्या राहिल्या की हात लावल्याशिवाय कोणी पुढे जाईना. मला विचाराल तर सगळ्या घरात हात लावावासा वाटेल अशी तीच एक वस्तू होती. दिवाणखान्यात संगमरवरी टेबलावर संगमरवरी लिंबे होती!

प्रत्येक खोलीत एक स्वयंसेविका पहाऱ्याला बसते. बोळातल्या बाई सत्तरीच्या पुढच्या, मूळच्या पेनसिल्व्हेनियातल्या खाणगावच्या. त्यांना बसायला जागाच नव्हती, तेव्हा भाचीने जिन्याखाली एक अरुंद बाक घातला. त्या दिवसभर येणाऱ्यांना चौकटीची गोष्ट सांगत. तिसऱ्या दिवसापासून त्यात त्यांच्या आजोबांच्या गोठ्याचीही भर पडली. त्यामुळे गर्दी अडे. समितीकडून दोनदा चिठ्ठी आली, की बोळातल्या पाहुण्यांना पुढे सरकवावे. बाईंनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सामान उतरले. दिवाणखान्यातली बहुतेक चीज विकली गेली आणि त्यातला हिस्सा मुलांच्या वर्गांना मिळाला. बोळात विकण्यासारखे होते काय? कॅनव्हास. दोघांनी भाव विचारला, पण एकाची भिंत आखूड पडली आणि दुसऱ्याला चित्रात हरीण हवे होते. तो आता गुंडाळून भाचीच्या गॅरेजमध्ये उभा आहे. घर सप्टेंबरात एका तरुण जोडप्याने घेतले. स्वयंपाकघर ते पाडणार आहेत, जिना बदलणार आहेत. चौकटींचे अजून ठरलेले नाही. भाचीने त्यांना पत्राबरोबर ते दातेरी पान पाठवले आहे.