सुरुवातीचे पाच

माणसाविषयी पहिल्याच दिवशी किती मत बनवावे, हा प्रश्न खेळाच्या मैदानावर जितका उघडपणे विचारला जातो, तितका अन्यत्र क्वचितच विचारला जात असेल. २५ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, सॅन अँटोनिओ शहरात, व्हिक्टर वेम्बान्यामा हा एकोणीस वर्षांचा फ्रेंच तरुण ‘स्पर्स’ या बास्केटबॉल संघाकडून पहिला अधिकृत सामना खेळला. उंची सात फूट चार इंच आणि अपेक्षा त्याहूनही उंच. त्याने १५ गुण मिळवले, त्यांपैकी ९ अखेरच्या सत्रात. मात्र त्याच्या नावावर पाच फाउल लागले. सहावा फाउल झाला की खेळाडू बाद होतो, म्हणून त्याला बराच वेळ बाकावर बसावे लागले. डॅलसच्या संघाने तो सामना १२६–११९ असा जिंकला.

मुलाच्या नोकरीमुळे आम्ही उभयता त्याच शहरात राहतो. तेथे व्यावसायिक खेळांतील मोठा संघ हा एवढाच, आणि १९९९ ते २०१४ या काळात त्याने पाच अजिंक्यपदे मिळवलेली. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात एकच विषय होता. मुलगा चमकला की बावरला? आणि त्याहून तापलेला वाद म्हणजे, प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी सुरुवातीचे पाच खेळाडू असे का निवडले?

हा वाद थोडा समजावून सांगायला हवा. बास्केटबॉलमध्ये चेंडू पुढे आणणारा, कोणाला केव्हा द्यायचा हे ठरवणारा खेळाडू म्हणजे पॉइंट गार्ड. हे काम ट्रे जोन्स हा शांत, नेमका खेळाडू चांगले करीत असे. पोपोविच यांनी त्याला बाकावर ठेवले आणि जेरेमी सोहान या उंच, तरुण खेळाडूकडे ते काम सोपवले. सोहान बचावात उत्तम. परंतु ही जागा त्याची नव्हती. काहींच्या मते हा दूरदृष्टीचा प्रयोग होता, काहींच्या मते दोन्ही मुलांवर अन्याय.

माझे यजमान त्या वर्षीच्या वसंतात पक्षाघातातून वाचले होते. उजव्या हातापायांत बरीच शक्ती परतली, पण वाचाघात राहिला. वाचाघातात बुद्धी शाबूत असते. समोरच्याचे बोलणेही पुष्कळांना बऱ्यापैकी समजते. हवा तो शब्द मात्र ओठांवर येत नाही. आयुष्यभर वीज मंडळात अभियंता म्हणून निर्णय घेतलेला हा माणूस. त्यांच्याशी आता सगळे बोलत ते गोळी घेतली का, पाणी हवे का, थंडी वाजते का, एवढेच. आजारी माणसाला प्रश्न पुष्कळ विचारले जातात. मत मात्र कोणी विचारीत नाही. ह्यांचे मौन केवळ आजाराचे नव्हते, हे मला हळूहळू जाणवू लागले होते.

सकाळी मी त्यांना महापालिकेच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात नेत असे. तेथे एका मेजाभोवती सहा-सात वृद्ध कॉफी घेत बसत. बहुतेक मेक्सिकन वंशाचे. एक निवृत्त बसचालक, एक आजी चाळीस वर्षे शिवणकाम केलेल्या. त्या सकाळी बसचालक सोहानच्या बाजूने हिरिरीने बोलत होते. आजी म्हणत होत्या, मुलाला पोहायला शिकवायचे म्हणून कोणी त्याला थेट समुद्रात लोटत नाही. मग त्यांनी ह्यांच्याकडे वळून विचारले, “आणि तुमचे काय मत?”

मी उत्तर द्यायला पुढे होणार, तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवले. मेज शांत झाले. किती वेळ गेला कोण जाणे. ह्यांच्या कपाळावर घाम आला. आणि ते म्हणाले, “जोन्स.”

एकच शब्द, पण त्यात कर्ता, क्रियापद आणि युक्तिवाद सगळे होते. बसचालकांनी कपाळाला हात लावला आणि ह्यांच्याशी भांडायला सुरुवात केली. पक्षाघातानंतर ह्यांच्याशी कोणीतरी प्रथमच बरोबरीच्या नात्याने भांडत होते. ह्यांनी डाव्या हाताने कागदावर मैदान काढले, बाण काढले, सोहानच्या नावापुढे फुली मारली. शब्द नव्हते तेथे रेषा बोलल्या.

वाचोपचार करणाऱ्या तज्ज्ञ बाईंना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी त्याच मेजाची रीत घरी चालू ठेवायला सांगितली. वाचाघात झालेल्या व्यक्तीशी बोलताना मागचा दूरदर्शन संच बंद असावा. एका वेळी एकानेच बोलावे. वाक्ये छोटी असावीत, पण लहान मुलाशी बोलल्यासारखी नसावीत. कानांत दोष नसेल तर आवाज चढवू नये. उत्तरासाठी थांबावे आणि त्यांचे वाक्य आपण पूर्ण करू नये. हातवारे, चित्र, लिहिणे हे सारे भाषेचेच मार्ग मानावेत. आणि विषय असा असावा, की ज्याविषयी त्या व्यक्तीला खरोखर काही म्हणायचे आहे. फळांची नावे म्हणण्यापेक्षा जोन्सची बाजू मांडण्यासाठी ह्यांचा जीव अधिक तळमळत होता.

त्या मोसमात संघाची दैना झाली. ओळीने अठरा सामने हरले. डिसेंबरमध्ये पोपोविच यांनी वेम्बान्यामाला सेंटरच्या जागी आणले आणि नवे वर्ष लागताच जोन्स सुरुवातीच्या पाचांत परतला. सोहान आपल्या मूळ जागी गेला आणि मोकळेपणाने खेळू लागला. मोसम २२ विजय आणि ६० पराभवांवर संपला, तरी वेम्बान्यामा एकमताने सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. केंद्रातल्या बसचालकांनी ह्यांना स्वखर्चाने एक कॉफी पाजली.

घरी सूनबाई हसत म्हणाली, “बाबा, आपल्या घराचाही एकदा संघ मांडू या का?” शुश्रूषा म्हणजे तरी काय? प्रत्येकाला न मागता मिळालेली नवी जागा. आमचा मुलगा झपाट्याने काम उरकणारा. बोलण्याचा सराव त्याच्याकडे होता आणि प्रत्येक शब्द तो प्रेमाने, पण घाईने स्वतःच पुरा करी. सूनबाई संथ, सोशीक. ती विमा कंपनीच्या फोनवर तासन्‌तास अडकलेली असे. आम्ही दोघांच्या जागा बदलल्या. मुलाने विम्याची कामे आठवड्यात मार्गी लावली आणि सूनबाईच्या समोर बसून ह्यांचे दोन-दोन शब्द जुळू लागले. दोघेही अपुरे नव्हते. जागा उलट होत्या. ज्या घरांत एकाच व्यक्तीवर सारा भार आहे, त्यांनीही अधूनमधून कागद घेऊन बसावे. कोणते काम कोणाच्या स्वभावाला साजते, बाकावर कोण बसून आहे आणि कोणाला विश्रांती हवी आहे, हे एकदा लिहून पाहावे.

पुढे या कथेत आजारपण मैदानावरच्या माणसांनाही गाठून गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पंचाहत्तर वर्षांच्या पोपोविच यांना सौम्य पक्षाघात झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये वेम्बान्यामाच्या उजव्या खांद्याच्या नीलेत रक्ताची गुठळी आढळली आणि त्याचा उरलेला मोसम बुडाला. वय अवघे एकवीस. केंद्रात त्या सकाळी कोणी वाद घातला नाही. ह्यांनी सगळ्यांना आपला उजवा हात वर करून दाखवला, मग ओठांच्या कोपऱ्याला बोट लावले. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांतले एकही अचानक दिसले तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठायचे, हे ते शिकवत होते. हात किंवा पाय एकाच बाजूने सुजला, दुखू लागला, तर तेही अंगावर काढू नये. एकविशीतला खेळाडू त्याला अपवाद नाही, तर आपण कोण?

मे २०२५ मध्ये पोपोविच यांनी प्रशिक्षकपद सोडले, संघ मात्र सोडला नाही. व्यवस्थापनातली जबाबदारी सांभाळीत राहिले. उतारवयात जागा बदलणे म्हणजे मैदान सोडणे नव्हे, असे शिवणकामवाल्या आजींचे त्यावरचे भाष्य.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवा मोसम सुरू झाला, तो पुन्हा डॅलसविरुद्धच. बऱ्या झालेल्या वेम्बान्यामाने ४० गुण केले. या खेपेस नवोदित होता तो डॅलसचा अठरा वर्षांचा कूपर फ्लॅग. त्याची ठेवण उंच फॉरवर्डची, पण संघाचा मुख्य गार्ड जखमी असल्याने त्याला पॉइंट गार्डच्या जागी उभे केलेले. त्याने १० गुण मिळवले, दहा वेळा उसळता चेंडू पकडला. तरी संघ मोठ्या फरकाने हरला. डॅलसमधल्या वृद्धांच्या मेजांवर दुसऱ्या दिवशी काय वाद रंगला असेल, हे आम्हाला सांगायला कोणी नको होते.

सामना पाहता पाहता हे हसू लागले. मग सावकाश, एकेक शब्द तोलत म्हणाले, “त्यांना... एक... जोन्स... हवा.”

आमच्या घरात हा शब्द आता कायमचा झाला आहे. कोणी अवघड जागी अडकलेले दिसले, की आम्ही एकमेकांना विचारतो, येथे जोन्स कोण?