गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी

गाडीचा गिअरबॉक्स एकदाच खाली उतरवला, एकदाच परत चढवला, आणि त्याची मजुरी मात्र दोनदा लावली. एकदा वॉरंटीच्या खात्यावर, एकदा माझ्या नावावर. बिलावरच्या त्या दोन ओळी आठवल्या की अजूनही चीड येते.

गाडी पेट्रोलची, हाताने गिअर टाकायची. मूळ वॉरंटी संपली होती, पण खरेदीच्या वेळीच जादा पैसे भरून ती पाच वर्षांपर्यंत वाढवून घेतली होती. ‘मॅडम, इंजिन-गिअरबॉक्सचं टेन्शनच नाही,’ असं शोरूममध्ये सांगितलं होतं. पुण्याहून साताऱ्याला आईकडे जाताना खंबाटकीच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी ओढायचीच नाही. वर जळका वास. साताऱ्यातल्या ओळखीच्या मेकॅनिकनं गाडी रॅम्पवर घेतली आणि खालून टॉर्च मारला. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून ऑइल पाझरत होतं. ‘ताई, क्रँकचा मागचा सील गेलाय, क्लचवर ऑइल उतरलंय. मी काही खोलत नाही. वॉरंटी आहे ना, कंपनीतच न्या.’

सर्व्हिस सेंटरला ॲडव्हायझरनं एस्टिमेट हातात ठेवलं. सील वॉरंटीत. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग माझ्याकडून. ‘क्लच वेअर अँड टेअरमध्ये येतो, मॅडम. ड्रायव्हिंगवर असतं ते.’

झिजणारे भाग वॉरंटीत नसतात, हे मला मान्य आहे. ब्रेक पॅड, वायपर, टायर झिजणारच. कोण किती वेळ क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतो, याचा भुर्दंड कंपनीनं का सोसावा? पण माझा क्लच झिजला नव्हता, तो ऑइलमध्ये भिजला होता. खोलल्यावर प्लेट मला दाखवा, असं सांगून मी तिथेच बसून राहिले. ती बाहेर आली काळी, चिकट, चकाकणारी. झिजलेल्या प्लेटचं अस्तर पार रिव्हेटपर्यंत उतरलेलं असतं. हिचे रिव्हेट अजून चांगले खोल होते. मी फोटो काढले. ॲडव्हायझरला प्लेटवरून बोट फिरवायला लावलं. बोट काळं झालं. त्यानं ते पुसलं आणि म्हणाला, ‘सिस्टिममध्ये क्लचचा क्लेम टाकताच येत नाही, मॅडम.’

आता मजुरीचं बघा. हा सील इंजिनच्या टोकाला, फ्लायव्हीलच्या मागे असतो. तिथे हात पोचायचा तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, क्लच काढावाच लागतो, फ्लायव्हीलही सोडवावं लागतं. म्हणजे सीलच्या कामातच, वॉरंटीच्या खर्चानं, क्लच सुटून बाहेर आलेला असतो. परत बसवताना जुन्याऐवजी नवा लावायचा, एवढंच उरतं. मग त्यासाठी पुन्हा ‘गिअरबॉक्स उतरवणे-चढवणे’ म्हणून साडेपाच हजार कशाचे? मॅनेजर म्हणाला, दोन कामांचे दोन कोड आहेत. अहो, कोड दोन असतील, गिअरबॉक्स तर एकच आहे ना! मग त्यानं विषय बदलला: बाहेर कुठे खोलली होती का गाडी? खोलली नव्हतीच. पण बाहेर हात लावला की वॉरंटी गेली, ही भीती ग्राहकाला अशीच घातली जाते. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात, स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असं बजावलं होतं. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या, ते वेगळं.

आईची दवाखान्याची वेळ ठरलेली होती, गाडी अडकवून ठेवणं शक्य नव्हतं. ‘तक्रार कायम ठेवून पैसे भरत आहे’ असं बिलावर लिहून सही केली. असं लिहावंच. आणि ज्या भागाचे पैसे तुम्ही भरता, तो जुना भाग मागून घ्यावा. माझी प्लेट अजून माझ्याकडे आहे.

शोरूममध्ये ‘इंजिन-गिअरबॉक्स’ म्हणाले, ती पॉवरट्रेन. पॉवरट्रेन म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारे भाग: इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ड्राइव्ह शाफ्ट. क्लच यांच्या ऐन मध्ये बसतो, आणि तरी वॉरंटीच्या बाहेर. ठीक. पण वॉरंटीतला भाग फुटून त्यानं शेजारचा भाग खराब केला, तर ते नुकसान कोणाचं? माझं सगळं भांडण एवढ्यावरच होतं.

कंपनीला फोटोंसह मेल केली, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. मजुरी परत मिळाली. क्लचचे पैसे नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही, माझ्या गाडीच्या किमतीला दोनशे रुपये. जावं असं रोज वाटतं. मग तारखा डोळ्यांसमोर येतात.

एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे पैसे पाण्यात, असं मी तेव्हा चार जणांना सांगितलं. पण धाकट्या भावानं एएमटी गाडी घेतली, तेव्हा ही वॉरंटी घ्यायला मीच लावली. क्लच-गिअर आपोआप हलवणारा ॲक्च्युएटर गेला तर त्याच्या खिशाला झेपणार नाही. फक्त सही करण्याआधी वगळलेल्या भागांचं पान फोटो काढून मागवलं. त्यात क्लच होताच. सील गळून खराब झालेल्या क्लचबद्दल एक ओळ नव्हती. हे सेल्समनकडून लिहून घे, म्हटलं. तो म्हणाला, वर विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.