चौकटीवरील रेघा

तेरा वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याचे आईवडील माझ्याकडे आले, तेव्हा त्यांची तक्रार एकच होती: वयाने चार महिन्यांनी धाकटा असलेला चुलतभाऊ उंचीत याच्या बराच पुढे गेला होता. मी रिवाजाप्रमाणे मागील मापांचा दाखला मागितला. दवाखान्याच्या कागदांत तो कोठेच नव्हता; परंतु स्वयंपाकघराच्या चौकटीवर दर वाढदिवशी आपण पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घालीत आलो आहोत, असे आईने काहीशा संकोचाने सांगितले. त्या रेघांची मापे तिने कागदावर उतरवून आणली आणि त्या मुलाच्या वाढीची सारी कीर्दच माझ्यापुढे उघडली: पाचव्या वर्षापासून दरसाल ५ सेंटिमीटरांच्या आसपास, एकही साल न चुकता. डाव्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रात हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या फटी स्वच्छ दिसत होत्या आणि हाडांचे वय जन्मतारखेच्या दोन वर्षे मागे होते. उशिरा वयात येणाऱ्या मुलांपैकी तो होता, इतकेच.

जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटर लांबीचे अर्भक पहिल्या वर्षात आणखी २५ सेंटिमीटरांनी वाढते आणि वजन तिप्पट करते. अशी घोडदौड जन्मानंतर पुन्हा कधीही होत नाही. दीड वर्षाच्या सुमारास टाळू भरते, पुढे बाळसे झडते, आणि मूल वाळले म्हणून घरातील वडीलधारी मंडळी चिंताक्रांत होतात. वस्तुतः तो निसर्गक्रमच असतो. मग वयात येईपर्यंत वर्षाकाठी ५-६ सेंटिमीटरांची संथ चाल, आणि त्यानंतर दुसरी उसळी, जी मुलींत मुलांहून सुमारे दोन वर्षे आधी येते. ऋतुप्राप्तीनंतर मुलीची उंची बहुधा ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते, हे पालकांस ठाऊक नसल्यामुळे कित्येक मुली माझ्याकडे फार उशिरा येतात, याचे मला मनापासून दुःख होते. कूर्चा मिटल्या की उंची थांबते. हाडांचा भरीवपणा तिशीपर्यंत वाढतो. आणि उतारवयात मणक्यांमधील चकत्या झिजून देह पुन्हा थोडा आखूड होतो.

फ्रान्समधील काउंट माँबेयार याने १७५९ ते १७७७ या काळात आपल्या मुलाची उंची सुमारे दर सहा महिन्यांनी नोंदविली आणि बुफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ती नोंद प्रसिद्ध केली. एका बापाचे ते दप्तर आमच्या शास्त्राचा आद्य आधार ठरले. कारण एकट्या मापाला वाचा नसते, वेग कळतो तो दोन मापांच्या अंतरातून.

म्हणून वाचकांस माझी आग्रहाची विनंती आहे की, दर सहा महिन्यांनी, आणि शक्यतो सकाळी, कारण दिवसभराच्या वावराने सायंकाळी उंची सेंटिमीटरभर कमी भरते, मुलाला अनवाणी, टाचा टेकवून उभे करावे, रेघ ओढावी आणि तारीख घालावी. चौथ्या वर्षानंतर वर्षाकाठी ४ सेंटिमीटरही वाढ दिसली नाही, तर वैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. आणि घर रंगवावयास काढाल, तेव्हा त्या रेघा आधी वहीत उतरवून घ्या.