मूठ आणि थेंब

आबा मोल्डर. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत त्यांचं आयुष्य गेलं. वाळू तयार झाली की नाही, ते मुठीवर सांगत. वाळू दाबायची, मूठ उघडायची. बोटांचे ठसे नीट उमटले आणि गोळा मधोमध स्वच्छ मोडला, की झालं. बेंटोनाइट माती मिसळलेल्या त्या वाळूत पाणी शंभरात तीन-चार भागच, पण एवढ्यावरच साचा उभा राहतो.

मी शिरोलीत नायलॉन-१२ च्या पावडरीवर थ्रीडी छपाई करतो. दाणा साधारण केसाच्या जाडीएवढा. यंत्र पावडरीचा पातळ थर पसरतं, नोझल त्यावर काजळी मिसळलेलं द्रव फवारतात, वरून इन्फ्रारेडचे दिवे फिरतात. काळं झालेलं तेवढंच वितळतं, पांढरं तसंच राहतं. पुढं पुन्हा थर.

सुरुवातीला मी वाळूच्या हिशेबानंच चाललो, म्हणजे द्रव जास्त तर पकड जास्त. चुकलोच! थर वितळण्याच्या जरा खाली तापवलेला असतो. द्रवातलं पाणी त्यावर पडलं की वाफ होताना उष्णता घेऊन जातं. वस्तूच्या कडेनं तर मुद्दाम साधं द्रव मारतात, शेजारची पावडर चिकटू नये म्हणून. मी आतही तेच करून बसलो होतो. थर थंड पडले, आणि अख्खी बॅच नखानं पापुद्रे सुटावेत तशी सुटली.

पावसाळ्यात पावडर दमटून अडते, एप्रिलात स्थिर विजेनं चिकटते. कधी गुण्यागोविंदानं नांदलीय, आठवत नाही.

एकदा आबा शेडवर आले. मूठभर पावडर घेऊन दाबली. बोटांतून सगळी निसटली.

"ह्यात पाणी किती घालतोस रं?"

मी गार पावडरीवर पाण्याचा एक थेंब सोडला. मुरला नाही. पावडर अंगाला लावून नुसता गोल बसला. आबांनी नखानं ढकलला, तर मण्यासारखा घरंगळला.

"वळवाच्या पहिल्या सरीला धुळीत अशाच गोळ्या होतात की!"

वाळूचा दाणा पाण्याला जवळ करतो, हा करत नाही. म्हणून आमच्या द्रवात पाण्याचा ताण मोडणारं काहीतरी घालावंच लागतं. हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत आबा हात धुवायला बादलीपाशी गेले होते. पावडर पाण्यावर सायीसारखी तरंगत राहिली. त्यांनी क्षणभर बघितलं आणि साबण उचलला.