एक टीबीचं बिऱ्हाड

पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं वय वर्षांत मोजत नाहीत, ॲग्रीमेंटमध्ये मोजतात. दर ११ महिन्यांनी एक. माझी आत्तापर्यंत सहा झाली आणि प्रत्येक शिफ्टिंगला सामानातलं काहीतरी कमी होत गेलं. आधी कपाट गेलं, मग टेबल, मग कॉलेजपासून जपलेला डेस्कटॉप. आता उरल्यात दोन बॅगा, एक कुकर, एक लॅपटॉप आणि तळहातावर मावेल एवढा एक टीबीचा एक्स्टर्नल ड्राइव्ह. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. माझं पर्सच्या चेनच्या कप्प्यात असतं.

त्या ड्राइव्हमध्ये माझे गेम्स आहेत. हो, मी गेम खेळते. (‘म्हणजे कँडी क्रश का?’ असं विचारणाऱ्या ऑफिसातल्या तमाम मंडळींना सांगते, नाही!) दिवसभर यूकेच्या क्लायंटशी गोड बोलून झाल्यावर रात्री कुणी योगा करतं, कुणी सीरिज बघतं. मी घोड्यावर बसून डाकूंच्या मागे जाते. स्वस्तात मस्त थेरपी.

सी ड्राइव्ह हाउसफुल्ल!

आमच्या कॉलेजच्या काळात गेम म्हणजे एक फोल्डर असायचं. ‘व्हाइस सिटी’ असो नाहीतर ‘क्रिकेट ०७’, हॉस्टेलवर एकाच्या पीसीवरून दुसऱ्याच्या पीसीवर ते फोल्डर पेन ड्राइव्हमधून फिरायचं. आता मामला जड झालाय. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ला १५० जीबी जागा लागते. ‘बाल्डर्स गेट ३’लाही १५० जीबी. लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एसएसडी. त्यातून विंडोज, बाकीची सॉफ्टवेअर्स आणि चुलतबहिणीच्या लग्नाचे व्हिडीओ वजा करा. राहतं काय? दोन मोठे गेम आणि ‘लो डिस्क स्पेस’ची लाल पट्टी.

मग दर महिन्याला एक गेम उडवायचा, दुसरा डाउनलोड करायचा, पहिल्याची आठवण आली की उलटा प्रवास. एका रविवारी मी हे बंद केलं आणि गेम्सचं बिऱ्हाड बाहेर हलवलं.

चार गोष्टी आधी बघून घ्या

पहिली गोष्ट, हार्ड डिस्क की एसएसडी? जुनी फिरणारी पोर्टेबल हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १४० एमबी वाचते. साधी एक्स्टर्नल एसएसडी ४०० ते ५०० एमबी आणि एनव्हीएमई जातीची, चांगल्या पोर्टवर, हजारच्या आसपास. जुने आणि छोटे गेम हार्ड डिस्कवरून मजेत चालतात. सुरू व्हायला वेळ लागतो तेवढ्यात चहा होतो. पण नवीन गेम चालता चालता डिस्कवरून रस्ते, बिल्डिंगा, माणसं उचलत असतात. डिस्क मागे पडली की गाडी पुढे जाते आणि रस्ता नंतर येतो! म्हणून ‘बाल्डर्स गेट ३’च्या किमान गरजांतच एसएसडी लिहिलेली आहे. ‘सायबरपंक २०७७’नेही २०२३च्या २.० अपडेटपासून तोच नियम केला. माझा फंडा सोपा आहे. खेळायचे गेम एसएसडीवर, नुसते सांभाळून ठेवायचे ते हार्ड डिस्कवर.

दुसरी गोष्ट, वायर. ही सगळ्यात दुर्लक्षित. यूएसबी-सीची प्रत्येक वायर दिसायला सारखीच, पण मोबाइल चार्जरबरोबर आलेली बहुतेक वेळा यूएसबी २.०च्याच स्पीडची असते. म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० एमबी. १५० जीबीचा गेम त्या वायरनं कॉपी करायला तासाच्या वर लागतो. तोच साध्या एसएसडीवर बरोबरच्या वायरनं पाच-सात मिनिटांत होऊ शकतो. ड्राइव्हच्या डब्यातली वायर ड्राइव्हचीच. तिनं फोन चार्ज करायचा नाही, घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा.

तिसरी गोष्ट, फॉरमॅट. विंडोजवरच खेळणार असाल तर ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ तर नकोच, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही आणि आजकालच्या गेम्समध्ये अशा फायली ढिगानं असतात. एक्सफॅट चालतं, पण कॉपी सुरू असताना वायर निघाली तर एनटीएफएस जास्त नीट सावरतं. फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं, तेव्हा हे काम ड्राइव्ह रिकामा असतानाच उरकायचं.

चौथी गोष्ट, अक्षर. विंडोज ड्राइव्हला कधी ई म्हणतं, कधी एफ. दुसरा पेन ड्राइव्ह आधी लावलेला असला की अक्षर बदलतं आणि शॉर्टकट म्हणतो, गेम सापडत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन एक अक्षर कायमचं देऊन टाका. मी जी दिलंय. जी फॉर गेम. सही ना? फक्त हे त्या त्या कॉम्प्युटरपुरतं असतं, दुसऱ्या मशीनवर पुन्हा द्यावं लागतं.

गेम हलवायचा कसा?

स्टीमवर हे एकदम इझी आहे. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडायचं, नवा ड्राइव्ह ॲड करायचा. तिथे ‘स्टीमलायब्ररी’ नावाचं फोल्डर तयार होतं. मग जुने गेम सिलेक्ट करून ‘मूव्ह’ म्हणायचं. पुन्हा डाउनलोड नाही. दुसऱ्या मशीनवर तोच ड्राइव्ह लावून ॲड केला की स्टीम आतलं सामान ओळखतं, थोडी तपासणी करतं, पहिल्यांदा सुरू करताना डायरेक्टएक्स वगैरे किरकोळ गोष्टी त्या मशीनवर टाकतं आणि गेम सुरू. एपिकवर थोडी चलाखी करावी लागते. इन्स्टॉल सुरू करायचं, लगेच थांबवायचं, जुन्या फायली त्या फोल्डरमध्ये ओतायच्या आणि मग रिझ्यूम. असलेल्या फायली तपासून ते पुढे जातं. जीओजी मला सगळ्यात आवडतं, कारण तिथे विकत घेतलेल्या गेमचा ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो. तो ड्राइव्हवर ठेवला की नेट असो-नसो, गेम तुमचा.

टीव्हीवर खेळणाऱ्यांसाठी वेगळा नियम. पीएस५वर यूएसबी ड्राइव्हवरून पीएस४चे गेम चालतात, पीएस५चे नुसते ठेवता येतात, खेळायच्या आधी आत घ्यावे लागतात. नव्या एक्सबॉक्स सिरीजवरही खास त्यांच्यासाठी बनवलेल्या गेम्सचं तसंच. आणि ऑफिसच्या लॅपटॉपला यातलं काहीही जोडू नका. आयटीवाल्यांना तुमचा घोडा दिसतो.

स्वारगेट ते सांगली, एक टीबी

आता खरा मुद्दा. हा ड्राइव्ह महिन्यातून एकदा एसटीनं सांगलीला जातो. तिथे आई आहे आणि माझा धाकटा भाऊ. तो कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो, घरी त्याचा जुना डेस्कटॉप आहे आणि नेट म्हणजे मोबाइलचा रोजचा दीड जीबी. १५० जीबीच्या गेमला शंभर दिवस! आम्ही दोघांनी सेलमध्ये तेच गेम घेतले होते. मी माझ्या फायबरवर रात्रीत उतरवायचे, तो माझ्या ड्राइव्हवरून कॉपी करून घ्यायचा. पुण्याहून पाच-सहा तासांत एक टीबी पोचवणारं कनेक्शन अजून तरी एसटीच देते.

पण आमच्यात गेम सोडून बोलणं उरलं नव्हतं, हेही खरं. तीन वर्षांपूर्वी तासगावकडचं आजोबांचं द्राक्षाचं रान विकलं. मी विकायच्या बाजूची होते. औषधांचा खर्च, एका अवकाळीत गेलेला माल, सोसायटीचं कर्ज, सगळा हिशेब मी एक्सेलमध्ये मांडला होता आणि तो हिशेब आजही मला पटतो. भाऊ नको म्हणत होता. त्याच्याकडे एक्सेल नव्हतं. कागदावर माझी सही पहिली झाली, त्याची सगळ्यात शेवटी. त्यानंतर फोनवर ‘जेवलास का?’, ‘हो. तू?’, ‘हो’. संपलं.

त्या ड्राइव्हच्या कोपऱ्यात जेमतेम अर्ध्या जीबीचा एक गेम होता, ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं बनवलेला, २०१६चा. गोष्ट अशी की तुम्ही जोजा नावाच्या मोठ्या कंपनीत क्युबिकलमध्ये बसलेले असता, एक दिवस आजोबांनी दिलेलं बंद पाकीट उघडता आणि त्यांच्या पडीक शेतावर राहायला जाता. मी हा गेम भावाला मुद्दाम दिला नव्हता. मोठ्या गेम्सबरोबर कॉपी झाला, त्यानं उघडला आणि मला मेसेज आला, ‘ताई, हे शेताचं काय आहे?’

मी म्हटलं, एकच शेत दोघांनी करू. त्यानंही मग त्याची कॉपी घेतली. ऑनलाइन एकत्र खेळता येतं, पण त्याची नाइट आणि माझी यूकेची शिफ्ट यांचं लग्न काही जमेना. म्हणून पाळी लावली. गेममध्ये चार सीझन, प्रत्येकी २८ दिवसांचे, एक दिवस साधारण १४ मिनिटांचा. म्हणजे एक सीझन साडेसहा तासांचा. स्प्रिंग त्याचा, समर माझा, फॉल त्याचा, विंटर माझा.

सेव्ह कुठे राहतं?

इथे प्रत्येक एक्स्टर्नल ड्राइव्हवाल्यानं लक्ष द्यायची गोष्ट येते. गेम ड्राइव्हवर असतो, पण तुम्ही त्यात काय केलं ते बहुतेक वेळा तिथे नसतं. सेव्ह फाइल्स लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवर बसतात. कधी डॉक्युमेंट्समध्ये, कधी ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये. काही गेम्स त्या क्लाउडवर ठेवतात, सगळे नाही. ड्राइव्ह सोबत घेतला म्हणजे सगळं घेतलं असं नसतं, आणि लॅपटॉप फॉरमॅट केला तर ड्राइव्हवरचा गेम शाबूत आणि तुमचे दोनशे तास गायब. ‘स्टारड्यू’चं सेव्ह शोधायला विंडोज आणि आर दाबायचं, %ॲपडेटा% हे इंग्रजीत टाइप करायचं, आत गेमच्या नावाचं फोल्डर, त्यात ‘सेव्हज’. आमचं अख्खं शेत तिथे काही एमबींमध्ये होतं.

एवढी फाइल व्हॉट्सॲपवरही जाते, मला कळतं. त्यालाही कळतं. आम्ही कधी पाठवली नाही. १५० जीबीचं निमित्त घेऊन मी जात राहिले, जी ड्राइव्हवर ‘रान’ नावाचं फोल्डर केलं आणि दर फेरीला सेव्ह त्यात तारखेसकट ठेवत गेले. बॅकअपचा बॅकअप. परत येताना ड्राइव्हच्या शेजारी भडंगाची पिशवी.

त्याचा सीझन संपून शेत माझ्याकडे आलं की मी आधी नुसती फिरून बघायचे. पहिल्या फॉलमध्ये त्यानं द्राक्षं लावली होती, ओळीनं, मधे चालायला वाट सोडून. गेममध्ये द्राक्षं दहा दिवसांत येतात. जेवताना तो आईला सांगत होता, “ह्यांना छाटणीच माहीत नाही की गं. एप्रिलची नाही, ऑक्टोबरची नाही. लावली की आली!” आई हसली. गाईचं नाव त्यानं कपिली ठेवलं होतं. आजोबांच्या गाईचं. विंटरमध्ये शेतात जवळजवळ काहीच उगवत नाही, म्हणून मी खाणीत उतरून तांबं-लोखंड आणायचे. शेत त्याचं, कमाईची जोडणी माझी. खऱ्या आयुष्यातही आम्ही हेच होतो, फक्त तिथे पाळी लावली नव्हती.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला गेममध्ये आजोबा परत येतात. भूत म्हणून. तुम्ही काय कमावलं, गावाशी कसे वागलात, काय शिकलात हे बघतात आणि समाधीपाशी मेणबत्त्या लागतात. जास्तीत जास्त चार. तो दिवस आम्ही दोघांनी सांगलीला एकत्र बघायचं ठरवलं होतं. त्याच्या डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टमध्ये ड्राइव्ह, एकच खुर्ची, मी पलंगावर, आई दारात.

तीन लागल्या.

भाऊ बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग स्क्रीनकडे बघतच म्हणाला, “नव्या मालकानं बाग काढली. ऊस लावलाय.” तीन वर्षांत त्यानं रानाचं नाव पहिल्यांदा काढलं होतं. मी विचारलं, तू जाऊन आलास? तो म्हणाला, “दोनदा. बांधावरूनच. तू आलीस तर जाऊया.” सकाळी आम्ही गाडीवर गेलो. विहीर तीच आहे. फार काही बोललो नाही, पण परतताना त्यानं थांबून उसाचा रस पाजला आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.

दुपारी मी ‘सेफली रिमूव्ह’ करून ड्राइव्ह काढत होते. समाधीवर हिरा ठेवला तर आजोबा पुन्हा एकदा येऊन तपासतात, अशी त्या गेममध्ये सोय आहे. भावाला ती माहीत होती.

“हिरा मी शोधतो,” तो म्हणाला. “तू पुढच्या महिन्यात ड्राइव्ह आण.”