सांडलंय खरं, पण काय?

दोस्तांनो, आज लांब कुठं जायचं नाही. आपल्याच शाळेतल्या प्रयोगशाळेत चक्कर मारू या. दार उघडताच स्वागताला येतो तो वास! आता कपाटात डोकावा. हे निळेशार खडे मोरचुदाचे. ते जांभळट काळे कण पोटॅशियम परमँगनेटचे. आणि हा रॉकेलात बुडवून ठेवलेला सोडियम. पाण्याशी त्याचं हाडवैर, म्हणून हा बंदोबस्त.

जरा टेबलाकडे बघा. कोपऱ्यावर काहीतरी सांडलंय. रंग नाही. पाणीच असेल की!

थांबा! विरल सल्फ्युरिक आम्ल असंच दिसतं. कॉस्टिक सोड्याचं द्रावण आणि स्पिरिटसुद्धा. बोट लावायचं नाही, हुंगायचं नाही, चाखायचं तर मुळीच नाही. मागं सरा, इतरांना थांबवा आणि लगेच सरांना सांगा. जवळ बर्नर पेटलेला असेल तर तेही सांगा, कारण स्पिरिट चटकन पेट घेतं.

स्वीडनमधल्या कार्ल शेले या थोर रसायनशास्त्रज्ञाला रसायनं चाखून बघायची सवय होती. १७८६ साली, अवघ्या ४३व्या वर्षी तो वारला. पारा, आर्सेनिक अशा विषांशी रोजचा संबंध त्याला भोवला असावा, असं मानतात.

मग सर कसा शोध लावतात? आधी डोळ्यांनी. टेबलावर कोणत्या बाटल्या आहेत? लेबलं काय सांगतात? आधीच्या तासाला कोणता प्रयोग झाला? मग चष्मा आणि रबरी हातमोजे चढवून ते लिटमस कागद टेकवतात. निळा कागद तांबडा झाला तर आम्ल, तांबडा निळा झाला तर आम्लारी. काहीच बदललं नाही तर? तरी ते पाणीच, असं ठरत नाही. स्पिरिट लिटमसला दाद देत नाही! लिटमस फक्त गट सांगतो, नाव सांगतं ते लेबल.

विरल आम्ल असेल तर सर त्यावर खाण्याचा सोडा टाकतात. कार्बन डायऑक्साइड फसफसत बाहेर पडतो. फसफस थांबली की मगच पुसायचं. अंगावर उडालं असेल, तर मात्र शोध नंतर! आधी नळाखाली, निदान १५ मिनिटं.

पुढच्या प्रॅक्टिकलला बाटल्या नीट बघा हं. एखादीचं लेबल पुसट किंवा फाटलेलं दिसलं तर सरांना दाखवा. सांडण्याआधी!